अभ्यासक्रम आखणीचा ऑनलाइन कोर्स केला, त्याचा सविस्तर रिव्ह्यू (शिक्षकांसाठी)

शाळेचा अभ्यासक्रम कसा आखतात आणि मुलं नेमकी कशाने शिकतात, यावरचा शिक्षकांसाठीचा एक ऑनलाइन कोर्स नुकताच पूर्ण केला. पाचपैकी साडेतीन स्टार. नाव देत नाहीये, कारण याच धर्तीचे आणि जवळपास याच क्रमाने शिकवणारे बरेच कोर्स आहेत, आणि खाली जे लिहितेय ते त्यातला कुठलाही निवडताना उपयोगी पडावं अशी इच्छा आहे. थोडक्यात सांगायचं तर मूल्यमापनाचा, म्हणजे दुसरा भाग इतका चांगला आहे की तेवढ्यासाठी तरी कोर्स करावा. पण मूल वर्गात येताना डोक्यात आधीपासून काय घेऊन येतं या प्रश्नाला कोर्सने जेमतेम एक व्हिडिओ दिलाय, आणि माझ्या मते शिकणं होणार की नाही हे सगळ्यात जास्त तिथेच ठरतं.

रचना अशी आहे की पाच भाग, प्रत्येकात छोटे छोटे व्हिडिओ, थोडं वाचन, व्हिडिओ संपला की क्विझ, आणि एकच असाइनमेंट जी पहिल्या भागापासून शेवटपर्यंत वाढत जाते. म्हणजे तुम्ही सुरुवातीला आपल्या विषयातला एक टॉपिक निवडायचा आणि कोर्सभर त्याचंच युनिट तयार करत राहायचं. हे मला फार आवडलं, कारण दर भागात नवीन नवीन काहीतरी करायला दिलं की शेवटी हातात दहा अर्धवट गोष्टी उरतात आणि वर्गात नेण्यासारखं काहीच नसतं. मी अपूर्णांक निवडले.

पहिला भाग इतिहासाचा आहे, त्यात फार वेळ घालवू नका. १९१८ साली फ्रँकलिन बॉबिटने मांडलं की मोठी माणसं आयुष्यात जी कामं करतात त्यांची यादी करा आणि त्या कामांची तयारी म्हणजे अभ्यासक्रम, त्या काळात कारखान्यांमध्ये जी कार्यक्षमतेची हवा होती तीच इथे आली. मग १९४९ साली राल्फ टायलरने चार प्रश्न विचारले: शाळेने काय साधायचं, त्यासाठी मुलांना कुठले अनुभव द्यायचे, ते कुठल्या क्रमाने लावायचे, आणि साधलं की नाही हे कसं कळणार. आजही कुठल्याही अभ्यासक्रमाचं कागदपत्र उघडलं तर आत हेच चार प्रश्न वेगवेगळ्या मथळ्यांखाली बसलेले दिसतात. हिल्डा ताबाने १९६२ मध्ये म्हटलं की हे काम वरून खाली येऊ नये, वर्गात शिकवणाऱ्यांनी सुरू करावं आणि पहिली पायरी मुलांची गरज ओळखण्याची असावी. कोर्समध्ये ताबावर दोन-तीन मिनिटंच आहेत. ही पहिली पायरी इथे अशी उरकली गेली, आणि पुढेही कोर्स तिच्याकडे नीट वळतच नाही.

दुसरा भाग मात्र कमाल. विगिन्स आणि मॅकटाय यांनी १९९८ साली मांडलेली उलटी आखणी इथे शिकवतात. आधी ठरवायचं की युनिट संपल्यावर मुलाला काय समजलेलं असायला हवं, मग ठरवायचं की ते समजलंय याचा पुरावा काय, आणि हे दोन्ही कागदावर आल्याशिवाय 'कुठली ॲक्टिव्हिटी घेऊ' या प्रश्नाला हात लावायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं, करताना घाम फुटतो. कारण बहुतेक ठिकाणी काम उलट दिशेने चालतं, पुस्तक उघडा, धडे मोजा, तासिका वाटा, आणि मग शेवटी परीक्षेचा पेपर काढायची वेळ आली की धड्यात जे होतं त्यावर प्रश्न. असं केलं की पेपर धडा मोजतो, समज मोजत नाही.

असाइनमेंट अशी होती की तुमच्या टॉपिकची परीक्षा आधी लिहा, आणि प्रत्येक प्रश्नाखाली लिहा की ज्या मुलाला हे अजिबात समजलेलं नाही त्यालाही हा प्रश्न बरोबर सोडवता येईल का. बस, एवढंच. पण एवढ्या एका सूचनेने माझ्या नेहमीच्या प्रश्नांपैकी कितीतरी प्रश्न बाजूला पडले. १/२ + १/३ करा, हा प्रश्न छेद समान करायची रीत पाठ असली की सुटतो, अपूर्णांक ही एक संख्या आहे आणि तिला संख्यारेषेवर एक जागा आहे हे माहीत असण्याची काही गरज नाही. याउलट अमेरिकेतल्या १९७८ च्या राष्ट्रीय चाचणीतला एक प्रश्न या भागात दाखवलाय, तो बघा. १३ वर्षांच्या मुलांना विचारलं की १२/१३ + ७/८ चं उत्तर अंदाजे किती, गणित मांडून सोडवायचं नाही, पर्याय १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक जवळजवळ १ आहेत, म्हणजे उत्तर २ च्या आसपास. बरोबर पर्याय निवडला फक्त २४ टक्के मुलांनी, निम्म्याहून जास्त मुलांनी १९ किंवा २१ निवडलं, म्हणजे एकतर वरचे आकडे मिळवले नाहीतर खालचे. याच वयाची मुलं छेद समान करून बेरीज करायला शिकलेली असतात. एक प्रश्न बदलला आणि शिकवलेल्यापैकी किती आत गेलं ते उघडं पडलं. अभ्यासक्रम आखणाऱ्यासाठी यापेक्षा मोठा धडा मला तरी माहीत नाही, आणि कोर्सने तो भाषण न देता त्या एका प्रश्नातून दिला याबद्दल त्यांचं मनापासून कौतुक.

याच भागात उद्दिष्ट कसं लिहायचं यावरही चांगलं काम करून घेतात. 'विद्यार्थ्यांना अपूर्णांकांची ओळख होईल' असं लिहिलं की परत पाठवतात, ओळख झाली म्हणजे मूल काय करून दाखवेल ते लिहा म्हणतात. ब्लूमच्या १९५६ च्या पायऱ्या (शिकण्याच्या उद्दिष्टांची लक्षात ठेवण्यापासून वर जाणारी वर्गवारी) आणि त्यांची २००१ मधली सुधारित आवृत्ती दोन्ही आहेत, पण एक खटकलं, ते या पायऱ्या एखाद्या शिडीसारख्या दाखवतात, जणू लक्षात ठेवणं ही खालची, कमी दर्जाची गोष्ट आणि विश्लेषण ही वरची. प्रत्यक्षात विश्लेषण कशाचं करणार, डोक्यात काहीतरी असेल तरच ना. हा मुद्दा पुढे परत येतो.

तिसरा भाग क्रम लावण्याचा. ब्रुनरने १९६० साली मांडलेला सर्पिल अभ्यासक्रम, म्हणजे तीच मूळ कल्पना पुन्हा पुन्हा भेटते पण दर वेळी जास्त खोल जाऊन. इथलं एक स्पष्टीकरण फार छान आहे, ते सांगतात की दर वर्षी तोच धडा थोडा मोठा करून परत शिकवणं म्हणजे सर्पिल नव्हे, दुसऱ्यांदा भेटताना मुलाकडे पहिल्या वेळेस नसलेलं काहीतरी हत्यार हवं. मग १९९५ च्या आंतरराष्ट्रीय गणित-विज्ञान अभ्यासाचा संदर्भ येतो, विल्यम श्मिट आणि सहकाऱ्यांनी त्यातून अमेरिकेच्या अभ्यासक्रमाचं वर्णन मैलभर रुंद आणि इंचभर खोल असं केलं होतं, कारण जिथली मुलं वर होती तिथे एका इयत्तेत विषय कमी आणि प्रत्येकाला वेळ जास्त असं चित्र दिसत होतं. हे ऐकताना सगळे माना डोलावतात. पण कमी करा म्हटलं तर काय काढायचं? अभ्यासक्रमात नवीन काही घालायला पाठिंबा देणारे नेहमी असतात, काढायला कोणी नसतं, प्रत्येक विषयाच्या मागे कोणीतरी उभं असतं. हे खरं दुखणं कोर्सने नुसतं स्पर्शून सोडलंय. एलियट आयस्नरने जो मुद्दा मांडला होता, की शाळा जे शिकवत नाही त्याचाही मुलांवर परिणाम होतो, तो इथे यायला हवा होता. एखादी असाइनमेंट 'तुमच्या वर्षाच्या आखणीतून दोन टॉपिक काढा आणि का काढले ते पालकांना समजेल असं लिहा' अशी असती तर खूप शिकायला मिळालं असतं.

आता चौथा भाग, लक्षात राहणं. मजकूर बहुतांशी पक्का आहे. रोडिगर आणि कार्पिके यांचा २००६ चा प्रयोग नीट समजावलाय: एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून मग पुस्तक बंद करून तीनदा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१. म्हणजे ज्या क्षणी मुलाला आणि शिक्षकाला दोघांनाही वाटतं की जमलं, तो क्षण फसवा असतो. तसंच रोहरर आणि सहकाऱ्यांचा २०१५ चा सातवीतल्या गणिताचा अभ्यास, त्यात एका प्रकारची उदाहरणं सलग सोडवण्याऐवजी वेगवेगळ्या प्रकारची मिसळून दिली, महिन्याने अचानक चाचणी घेतली तेव्हा मिसळून सोडवणाऱ्यांना ७४ टक्के आणि सलग सोडवणाऱ्यांना ४२. कारण सरावाच्या वर कुठली रीत वापरायची हे लिहिलेलंच असतं, सलग दहा उदाहरणं एकाच रीतीची, मुलाला रीत निवडायची वेळच येत नाही, आणि परीक्षेत नेमकी तीच वेळ येते. अभ्यासक्रम आखणाऱ्यासाठी याचा अर्थ असा की सरावसंचाच्या मांडणीत केलेला बदलसुद्धा अभ्यासक्रमातला मोठा बदल आहे, नवीन धडा लिहायची गरज नाही.

पण मग हे सगळं शिकवणारा कोर्स स्वतः काय करतो? व्हिडिओ संपला की लगेच क्विझ, त्याच व्हिडिओवर, चार पर्याय, आणि तो प्रश्न पुन्हा कधीच भेटत नाही. चौथ्या भागात पहिल्या भागातलं काहीही विचारत नाहीत. ज्या मांडणीने खोटा आत्मविश्वास येतो म्हणून हा भाग सांगतोय तीच मांडणी कोर्सभर आहे. हे मला खरंच लागलं, कारण हे सुधारायला नवीन व्हिडिओ काढायला नकोत, प्रत्येक क्विझमध्ये मागच्या भागांतले दोन-तीन प्रश्न घातले की झालं. तुम्ही कोर्स करणार असाल तर क्विझचे प्रश्न एका वहीत उतरवून ठेवा आणि पर्याय न बघता काही दिवसांनी स्वतःच विचारा, फरक जाणवेल.

याच भागात एक स्लाइड आहे जी काढूनच टाकायला हवी. तोच तो त्रिकोण, वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २०, आणि स्वतः केलेलं ९० टक्के. हे आकडे कुठल्याही संशोधनातून आलेले नाहीत. एडगर डेलने १९४६ मध्ये अनुभवांचा जो शंकू काढला होता त्यात टक्केवारी नव्हतीच, ती मागाहून कोणीतरी चिकटवली आणि ती ट्रेनिंगमध्ये फिरत राहिली. तसंच दृश्य शिकणारे, श्राव्य शिकणारे अशी मुलांची विभागणी एका वाचनात येते, २००८ मध्ये पॅशलर आणि सहकाऱ्यांनी यावरचं संशोधन तपासून सांगितलं होतं की शैलीप्रमाणे शिकवल्याने फायदा होतो असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. आणि ब्लूमचा १९८४ चा प्रसिद्ध दावा, एकास एक शिकवणी मिळालेलं सरासरी मूल वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांच्या पुढे जातं, तो जसाच्या तसा सांगितलाय, नंतरच्या अभ्यासांमध्ये हा फायदा बराच कमी निघाला हे न सांगता. फायदा आहेच, चांगला आहे, पण तेवढा नाही. शिक्षकांना पुरावा बघा म्हणून शिकवणाऱ्या कोर्समध्ये एवढी काळजी हवी.

माझी मुख्य तक्रार मात्र आधीच्या ज्ञानाबद्दल आहे. डेव्हिड ऑसुबेलने १९६८ मध्ये लिहिलं होतं की शिकण्यावर परिणाम करणारी सगळ्यात महत्त्वाची एकच गोष्ट सांगायची झाली तर ती म्हणजे शिकणाऱ्याला आधीपासून काय माहीत आहे, ते शोधून काढा आणि त्यानुसार शिकवा. कोर्स हे वाक्य दाखवतो आणि पुढे जातो. कसं शोधायचं, सापडल्यावर आखणीत काय बदलायचं, काही नाही. आता एक उदाहरण मी देते जे कोर्समध्ये असायला हवं होतं. १९९९ साली छापून आलेल्या एका अभ्यासात सहावीच्या १४५ मुलांना ८ + ४ = □ + ५ हे दिलं. एकालाही ७ आलं नाही. बहुतेकांनी १२ लिहिलं, काहींनी सगळं मिळवून १७. ही मुलं हुशार नव्हती असं अजिबात नाही. सुरुवातीपासून त्यांच्यासमोर गणितं येतात ती डावीकडे बेरीज, मग बरोबरचं चिन्ह, मग रिकामी चौकट, त्यामुळे मुलाने त्या चिन्हाचा अर्थ लावलेला असतो की आता उत्तर लिही. दोन्ही बाजू सारख्या, हा अर्थ त्याला कधी लागलाच नाही, लागायची गरजच पडली नाही. मग काही वर्षांनी समीकरणं येतात आणि सगळे म्हणतात बीजगणित अवघड आहे. अडचण बीजगणितात नाहीच, ती पहिल्या वर्षांमधल्या गणितांच्या मांडणीत पेरली गेलेली आहे, आणि जो अभ्यासक्रम प्रत्येक इयत्ता वेगळी आखतो त्याला ती कधी दिसणार नाही.

वाचनाचंही तेच. रेक्ट आणि लेस्ली यांनी १९८८ मध्ये सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याबद्दलचा उतारा दिला. वाचनात कच्ची पण बेसबॉल चांगलं माहीत असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळ माहीत नसलेल्या मुलांपेक्षा तो उतारा जास्त चांगला समजली. म्हणजे 'वाचन कौशल्य' म्हणून जे आपण वेगळं काढून त्याचे तास लावतो ते बऱ्याच अंशी विषयाच्या माहितीवर उभं असतं, आणि इतिहास-विज्ञानाचे तास कमी करून वाचनाचे वाढवले तर वाचनच मागे पडायची शक्यता आहे. वेळापत्रक ठरवणाऱ्या प्रत्येकाने हा अभ्यास वाचावा असं मला मनापासून वाटतं.

पाचवा भाग छोटा आहे पण बरा आहे. ठरवलेला अभ्यासक्रम, वर्गात प्रत्यक्ष शिकवला गेलेला, आणि मुलांपर्यंत पोचलेला, असे तीन वेगळे करून बघायला शिकवतात. मेरी बड रो यांचं काम इथे येतं, प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात, तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात, जास्त मुलं बोलतात. रूथ बटलरचा १९८८ चा अभ्यासही आहे, नुसता शेरा मिळालेली मुलं सुधारली, नुसते गुण मिळालेली नाहीत, आणि शेरा अधिक गुण मिळालेल्यांचीही गत गुणवाल्यांसारखीच, कारण गुण दिसले की शेऱ्याचा परिणाम राहत नाही. दोन्ही गोष्टी दुसऱ्या दिवसापासून वर्गात करून बघता येतात, पैसे नाही, परवानगी नाही.

असाइनमेंट तपासणी सहाध्यायी करतात आणि ती अगदीच नशिबावर आहे. मला एका भागात इतका नेमका शेरा मिळाला की पूर्ण प्रश्नपत्रिका नव्याने लिहिली, पुढच्या भागात दोन शब्द, 'छान काम'. तपासणाऱ्यांना एखादी उत्तम तपासलेली नमुना असाइनमेंट आधी दाखवली असती तर हा फरक बराच कमी झाला असता. व्हिडिओंची भाषा सोपी आहे, सबटायटल आहेत, मोबाइलवर वाचनाचे कागद मात्र नीट उघडत नाहीत तेव्हा ते कॉम्प्युटरवरच वाचा.

कोणी करावा? जे स्वतः युनिट आखतात, प्रश्नपत्रिका काढतात, त्यांनी नक्की. पुस्तकं लिहिणाऱ्या किंवा शाळेचं वर्षाचं नियोजन करणाऱ्या मंडळींनी तर दुसरा आणि चौथा भाग करावाच. अगदी नव्याने शिकवायला लागलेल्यांनी थोडं थांबावं, आधी मुलांच्या चुका भरपूर बघून घ्याव्यात, मग हे सगळं जास्त लागू पडतं. आणि करताना एक गोष्ट स्वतःहून जोडा, उद्दिष्ट लिहायच्या आधी तीन-चार मुलांना त्या टॉपिकवरचा एखादा प्रश्न देऊन मोठ्याने विचार करत सोडवायला सांगा, मध्ये बोलू नका, ते काय म्हणतात ते लिहून घ्या. मी अपूर्णांकांसाठी हे केलं तेव्हा १/८ हे १/६ पेक्षा मोठं, कारण ८ मोठा, हे इतक्या खात्रीने सांगणारी मुलं भेटली की युनिटचा पहिला आठवडा पूर्ण बदलावा लागला, बेरीज पुढे ढकलली आणि आधी संख्यारेषेवर अपूर्णांक ठेवायचं काम घेतलं. फुकटात सगळे व्हिडिओ दिसतात, पैसे भरले तरच असाइनमेंट तपासून मिळते आणि सर्टिफिकेट येतं. तुमच्याच विषयाचं कोणी सोबत असेल तर पैसे न भरता दोघांनी मिळून करा आणि एकमेकांच्या परीक्षा तपासा, अनोळखी माणसाच्या दोन शब्दांपेक्षा ते कितीतरी कामाचं होईल.